पहिली फेरी रागाची

क्रांती सुरू झाल्यापासून फ्रान्समधल्या पाद्र्यांना लिहिण्याचा रोगच जडला होता. ज्याला म्हणून दौत-लेखणी परवडत होती तो राजा, राष्ट्र आणि रयत यांच्यावर काहीतरी खरडत बसला होता. त्यातले काही पॅरिसला गेले, राष्ट्रसभेत बसले, त्यांची चित्रं छापून दुकानांत टांगली गेली. ओर्मव्हिलचे ईलेर शोव्हलो त्यांच्यातले नव्हेत. त्यांनी एकच पुस्तक लिहिलं, अठ्ठेचाळीस पानांचं. शार्त्रच्या एका छापखान्यातून त्याच्या दोनशे प्रती काढल्या आणि त्यातल्या दीडशे तरी त्यांच्याच घराच्या माळ्यावर उंदरांनी वाचून काढल्या. उरलेल्यांपैकी काहींची पानं गिल्मेतने पेअरच्या मुरंब्याच्या बरण्यांवर दोऱ्याने बांधली होती.

गिल्मेत ही त्यांची स्वयंपाकीण. बाईला चाळिशी उलटल्याशिवाय पाद्र्याच्या घरात कामाला ठेवता येत नाही, म्हणून विधवा गिल्मेत चाळीस वर्षं आणि तीन आठवड्यांची असताना काखेत एक गाठोडं घेऊन त्या घरात शिरली. त्याला आता अठरा वर्षं झाली होती. पाद्रीबाबा गावात येऊन बावीस. ते विणकराचं पोर. मठाने त्यांना ओर्मव्हिलला नेमलं तेव्हा गावाला कुणी काही विचारलं नव्हतं आणि आपल्याला विचारायला हवं होतं असं गावाच्याही मनात आलं नव्हतं. नवा पाद्री आला म्हणजे तो उंच आहे की बुटका एवढंच आपण बघायचं. हे बुटके निघाले.

माणूस मात्र सोन्यासारखा. आजाऱ्याकडे रात्री-बेरात्री जायचे, थंडीत स्वतःचं सरपण वाटून टाकायचे आणि मग गिल्मेतचं बोलणं खायचे. एकच खोड होती. त्यांना प्रत्येक गोष्टीचं तत्त्व लागायचं. सूप खारट झालं तरी ते आधी मिठाचा विचार करायचे, मग सुपाचा.

पुस्तक लिहिलं त्या हिवाळ्यात ते लिहिलेलं पान संध्याकाळी गिल्मेतला वाचून दाखवायचे. ती सलगम सोलत बसलेली असायची.

“ऐक. ‘ज्याला कळपाने होकार दिला नाही तो मेंढपाळ नव्हे, तो हातात काठी आलेला नुसता माणूस आहे.’ कसं वाटतं?”

“काठी बरी वाटते. पण मेंढरांना विचारायचं कुणी?”

“मेंढपाळानेच.”

“आणि मेंढरं नाही म्हणाली तर?”

“तर त्याने निघून जायचं.”

“कुठं? या वयात? पोटाला कोण घालणार?”

“गिल्मेत, हे तत्त्व आहे.”

“असेल. ते जेवतं का?”

पाद्रीबाबा हसायचे आणि पुढचं पान घ्यायचे. पुस्तकात एक अख्खं प्रकरण ओर्मव्हिलच्या ग्रामसभेवर होतं. रविवारी प्रार्थना संपली की चर्चसमोरच्या एल्मच्या झाडाखाली गाव जमतं, तिथे घरटी कर्ता माणूस असतो, कर्ता गेला असेल तर त्याची विधवा असते, आणि तरीही गाव कसं एकमुखाने बोलतं, कुठे भांडण नाही, तंटा नाही, असं त्यात फार सुंदर लिहिलं होतं. गिल्मेत ते ऐकताना सलगमाकडे बघत राहिली होती. लिहिणाऱ्याला मध्येच टोकू नये एवढं तिला कळत होतं.

एक गोष्ट मात्र त्या घरात कधी निघत नसे. गारांचा रविवार.

आमच्याकडे घंटेला बाप्तिस्मा देतात, नाव ठेवतात, तिला धर्माचे आईबापही असतात. ओर्मव्हिलच्या घंटेचं नाव आडेलाईड. वादळ आलं की आडेलाईड वाजवायची. तिचा आवाज जिथवर जातो तिथवर गारा पडत नाहीत, ढगात बसलेले सैतान पळतात, हे लहान मूलसुद्धा सांगेल. पण गारांच्या आदल्या वर्षी शेजारच्या गावात वीज दोरावरून उतरली आणि घंटा वाजवणारे दोघे जागीच गेले. त्यातल्या एकाला पुरायला पाद्रीबाबा गेले होते. ते परतल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. वादळात घंटा वाजवू नये असा पॅरिसच्या मोठ्या न्यायालयाचा हुकूम त्यांनी चर्चमध्ये वाचून दाखवला. लोकांनी माना डोलावल्या आणि पुढच्या वादळात घंटा वाजवली.

म्हणून त्या जुलैतल्या रविवारी, सकाळी सातच्या सुमाराला पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं, तेव्हा त्यांनी घंटेच्या मनोऱ्याचं दार लावलं आणि किल्ली गिल्मेतच्या हातात दिली.

“कुणालाही द्यायची नाही. काही झालं तरी. ल्युबॅंलासुद्धा नाही.”

आणि ते स्वतः आत वेदीपुढे गुडघे टेकून गावासाठी प्रार्थना करायला बसले.

ल्युबॅं हा गिल्मेतचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तिनेच त्याला कडेवर वाढवला. गावात त्याच्याएवढा अंगापिंडाने थोराड दुसरा कुणी नव्हता, म्हणून वादळात दोर ओढायचा मान त्याचा. त्या वर्षी त्याने मळ्याचा मोठा तुकडा खंडाने घेतला होता आणि गहू असा आला होता की बघायला बाहेरगावचे लोक यायचे. कापणीला आठ दिवस उरले होते. तो धावत आला तेव्हा गिल्मेत मनोऱ्याच्या दाराला पाठ लावून उभी होती.

“ताई, किल्ली दे.”

“नाही रे.”

“ढग बघ की वर! ताई, माझा गहू उभा आहे.”

“बाबांनी नाही म्हटलंय.”

“मग बाबांना बोलव, मी त्यांच्याशी बोलतो.”

“ते प्रार्थनेला बसलेत.”

“आणि तुला इथं उभी केली?” त्याच्या मागे आणखी दहा-पंधरा माणसं येऊन उभी राहिली. “ताई, तूच नाही का माझ्याबरोबर तण काढलंस त्यातलं?”

तिने एप्रनच्या खिशावर हात घट्ट धरला. त्याने मनात आणलं असतं तर एका हाताने तिला बाजूला केलं असतं. त्याने तसं केलं नाही. तो तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि मग पहिली गार चर्चच्या पायरीवर येऊन फुटली. कोंबडीच्या अंड्याएवढी होती. पाव तासात सगळं संपलं. ओर्मव्हिलच्या शिवारात गव्हाची एक काडी उभी राहिली नाही, चर्चच्या खिडक्या गेल्या, मेंढ्या मेल्या. मनोऱ्यावर वीज पडली आणि घंटेचा दोर वरपासून खालपर्यंत जळून काळा झाला.

तो दोर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पाहिला. ल्युबॅंनेही पाहिला. दोराच्या टोकाला आपण असतो हे कळायला त्याला कुणी पुस्तक वाचून दाखवायची गरज नव्हती. पण त्याने मळा सोडला, घोडा विकला, दुसऱ्याच्या नांगरामागे चालू लागला आणि बहिणीशी बोलणं टाकलं. त्याच्या मुलीच्या लग्नाला गिल्मेत चर्चच्या शेवटच्या बाकावर बसली आणि तिथूनच परत गेली. पाद्रीबाबांनी पुढच्या रविवारी गारा कशा तयार होतात त्यावर प्रवचन दिलं. सगळे गप्प बसून ऐकत होते. गावाला पटलं, असं त्यांनी घरी येऊन समाधानाने गिल्मेतला सांगितलं.

त्याला अडीच वर्षं झाली. मधल्या काळात पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडला, मठ बंद झाले, गावोगाव महापौर निवडले गेले. आमच्याकडे गास्पार लोहार महापौर झाला आणि कमरेला तिरंगी पट्टा बांधून घोड्यांना नाल मारू लागला. मग या जानेवारीत जिल्ह्याचं पत्र आलं. प्रत्येक पाद्र्याने रविवारी प्रार्थनेनंतर लोकांसमोर शपथ घ्यायची: राष्ट्राशी, कायद्याशी आणि राजाशी एकनिष्ठ राहीन, नव्या राज्यघटनेचं रक्षण करीन. न घेईल त्याची जागा गेली.

पाद्रीबाबांना शपथेची काहीच अडचण नव्हती. घटना त्यांना आवडत होती. पेच पडला तो स्वतःच्या पुस्तकाचा.

“मला मठाने नेमलं,” ते चुलीपुढे येरझाऱ्या घालत म्हणाले. “गावाने कधी होकार दिला नाही. मी गावाचा पाद्री म्हणून शपथ घेणार, आणि गावाला विचारणार नाही?”

“ते पुस्तकातलं झालं. वाचलंय कुणी ते?”

“मी वाचलंय,” पाद्रीबाबा म्हणाले.

गिल्मेतने चुलीत एक लाकूड सारलं.

त्यांनी गास्पारला बोलावून घेतलं. रविवारी शपथेआधी गावाने कौल द्यायचा. प्रत्येकाच्या हातात घेवड्याचे दोन दाणे, एक पांढरा, एक काळा. पाद्री राहावा असं वाटत असेल त्याने पांढरा बरणीत टाकायचा, जावा असं वाटत असेल त्याने काळा. काळे जास्त निघाले तर ईलेर शोव्हलो शपथ न घेता गाव सोडतील.

“अहो पाद्रीबाबा, शपथ घ्या आणि मोकळे व्हा,” गास्पार काकुळतीला आला. “आम्हाला कशाला मध्ये ओढता? जन्म तुम्ही लिहिले, मयती तुम्ही केल्या, आता विचारायचं काय राहिलं?”

“तेच, जे कधी विचारलं नाही.”

“बरं, मग पट्टी भरणाऱ्या पुरुषांनाच दाणे द्यायचे ना? पॅरिसचा कायदा तसा आहे.”

“या झाडाखाली विधवा बसत आल्यात. पॅरिस विसरलं म्हणून आपणही विसरायचं? सगळ्यांना द्यायचे. बायकांना, गड्यांना, घरकामाच्या बायांना.” त्यांनी गिल्मेतकडे पाहिलं. “तुलाही. आणि टाकताना माझ्या तोंडाकडे बघायचं नाही.”

“तुमच्या तोंडात असं काय आहे बघायला!” गिल्मेत म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. पाद्रीबाबा गेले तर नवा पाद्री स्वतःची बाई घेऊन येईल. भावाचं दार बंद. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला परत ते गाठोडं काखेत घ्यावं लागलं असतं, आणि ते घेऊन कुठे जायचं हे काही सुचत नव्हतं. पण ते जातीलच कशाला? गावाचा जीव आहे त्यांच्यावर. तिला तरी तसंच वाटत होतं.

रविवारी कडाक्याची थंडी होती. प्रार्थना झाली, गाव एल्मखाली जमलं. मांस खारवायची मातीची मोठी बरणी गिल्मेतने धुऊन आणली होती; तोंडावर फडकं बांधलं होतं, हात मनगटापर्यंत आत घालायचा, म्हणजे कुणाला काही दिसत नाही. पाद्रीबाबा जरा लांब, पाठ करून उभे राहिले. एकेक जण आला. आमच्या झाडाखाली इतकी शांतता कधी झाली नव्हती. ल्युबॅं आला, त्याने हात घातला आणि बाहेर काढला. नव्वदीची म्हातारी बार्ब आली. तिला वाटलं आत प्रसाद आहे. तिला समजावून सांगावं लागलं.

गिल्मेत सगळ्यांत शेवटी. तिने हात आत घातला. पांढरा दाणा अंगठ्याजवळ होता, काळा करंगळीच्या बाजूला, तिने मुद्दाम तसे धरले होते. आणि कसं कोण जाणे, मनोऱ्याचं दार पाठीला लागल्यासारखं वाटलं. करंगळी उघडली. दाणा आत पडल्याचा आवाज तिला एकटीलाच ऐकू आला असेल.

गास्पारने बरणी टेबलावर पालथी केली आणि मोजलं. मग परत मोजलं. पांढरे अडतीस, काळे एकाहत्तर.

पाद्रीबाबांनी आकडे ऐकले. ते वळले, गावाला त्यांनी मान लववली आणि म्हणाले, “मला वाटलं नव्हतं राज्यघटनेला गावात एवढा विरोध असेल. पण कौल तो कौल. मी आभारी आहे.” आणि ताठ चालत घरात गेले.

गाव झाडाखाली तसंच उभं. गास्पारने कुणाला तरी विचारलं, “घटनेचा काय संबंध?” कुणाला माहीत नव्हतं.

“बाबा आत का गेले गं?” म्हातारी बार्बने गिल्मेतला विचारलं. “जेवायची वेळ झाली का?”

“हो, हो, जेवायलाच गेले असतील,” दोघे-तिघे म्हणाले. “येतील अर्ध्या तासात. नेहमीसारखं.”

आणि गिल्मेतच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमच्या ग्रामसभेची एक रीत आहे, बापजाद्यांपासूनची. कुठलाही प्रश्न निघाला, पूल बांधायचा असो की गुराखी ठेवायचा असो, आधी पहिली फेरी होते. ती रागाची. ज्याच्या पोटात जे साठलं असेल ते त्याने सगळ्यांदेखत ओकायचं, त्या प्रश्नाशी त्याचा संबंध असो वा नसो. त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही. आरडाओरड होते, शिव्या होतात, एकदा तर एकाचा दात पडला. मग माणसं दमतात, सफरचंदाच्या सायडरचा घोट घेतात आणि दुसरी फेरी बसते. ती निर्णयाची. ती पाच मिनिटांत आटपते, कारण पोटात काही उरलेलं नसतं.

आणि पाद्रीबाबा बावीस वर्षं काय करत आले होते? सभा सुरू करून द्यायचे, एक छोटी प्रार्थना म्हणायचे आणि घरी जेवायला जायचे. जेवून परत येत तोवर दुसरी फेरी संपत आलेली असायची आणि ते निर्णय कागदावर उतरून घ्यायचे. सगळं गाव एकमुखाने!

गावाने त्या बरणीत पहिली फेरी टाकली होती. एकाहत्तर जणांनी आपला राग टाकला होता आणि आता ते दुसऱ्या फेरीची वाट बघत उभे होते.

गिल्मेत धावतच घरात गेली. पाद्रीबाबा खाटेवर चादर पसरून तिच्यात दोन सदरे, प्रार्थनेचं पुस्तक आणि जोडे गुंडाळत होते. गाठ त्यांना नीट मारता येत नव्हती.

“हे काय चाललंय?”

“कौल झाला, गिल्मेत.”

“कौल नाही झाला, राग झाला. तुम्ही जा असं म्हटलंय कुणी?”

“एकाहत्तर जणांनी म्हटलंय.”

“अहो, ते रागावलेत तुमच्यावर! रागावणं म्हणजे हाकलणं का? मी तुमच्यावर रोज रागावते.”

“काळा म्हणजे जावं, हे मी स्वच्छ सांगितलं होतं.”

“तुम्ही सांगितलं होतं. त्यांना कधी विचारलंत? पहिल्या फेरीत कुणी निर्णय देतं का?”

“पहिली फेरी? कसली पहिली फेरी?”

तिने सांगितलं. पाद्रीबाबा हातात चादरीचं टोक धरून ऐकत राहिले.

“बावीस वर्षं,” ते शेवटी म्हणाले. “बावीस वर्षं हे माझ्या दारासमोर चाललंय, आणि मला माहीत नाही?”

“तुम्ही जेवत होता, पाद्रीबाबा.”

ते खाटेवर बसले. पुस्तकातलं ते सुंदर प्रकरण त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. गिल्मेतला त्यांची इतकी दया आली की तिने चादरीचं टोक त्यांच्या हातातून सोडवून घेतलं. पण गाठोडं सोडलं मात्र नाही. ते तिचं काम नव्हतं.

“ते कशासाठी रागावलेत?”

“मी सांगायचं नसतं. ज्याचं त्याने सांगायचं. चला बाहेर. आणि टोपी घाला, थंडी आहे.”

पाद्रीबाबा बाहेर आले आणि झाडाखालच्या दगडावर बसले. त्यांनी गास्पारच्या कानात काहीतरी सांगितल्यावर त्याने पट्टा सारखा केला आणि ओरडला, “बाबा म्हणतात पहिली फेरी तोंडी होऊ द्या. ते बसतायत.”

“जेवले का?” बार्बने विचारलं.

“नाही जेवलो,” पाद्रीबाबा म्हणाले. “आज जेवत नाही.”

आधी लोक बुजले. मग एक जण म्हणाला, प्रवचन लांबतं, गुरं हंबरतात. दुसरा म्हणाला, पापाची कबुली द्यायला जावं तर तुम्ही आमचं वाक्य सुधारता. पाप सांगायचं की भाषा शिकायची? कुणाची तरी बायको म्हणाली, माझं मूल पुरलंत त्या दिवशी तुम्ही त्याचं नाव चुकलात, आणि एवढं बोलून रडायलाच लागली. पाद्रीबाबा एकेकाला उत्तर द्यायला तोंड उघडायचे आणि गास्पार हातोड्याच्या हाताने त्यांच्या खांद्यावर दाब द्यायचा. “पहिल्या फेरीत उत्तर नाही, बाबा.”

मग ल्युबॅं पुढे आला.

“घंटा,” तो म्हणाला.

एका शब्दात सगळं गाव हललं. त्या एकाहत्तरांतले साठ तरी दाणे त्याच एका शब्दाचे होते.

“विजेचं शास्त्र असं आहे, ल्युबॅं, की—”

“बाबा!” गास्पारने दाब दिला.

“शास्त्र असेल,” ल्युबॅं म्हणाला. “दोर मी पाहिलाय. मी मेलो असतो हे मला कळतं, मी काही गाढव नाही. पण माझा गहू होता, माझं मरण होतं आणि घंटा गावाची होती. आमच्या आज्यांनी तांब्याची भांडी मोडून दिली तिच्यासाठी. तुम्ही दार लावलंत आणि विचारलं नाहीत. आता इतक्या वर्षांनी बरणी घेऊन विचारायला आलात. ते कशाबद्दल? तुमच्याच नोकरीबद्दल.”

पाद्रीबाबांनी मान खाली घातली. आपण अठ्ठेचाळीस पानं लिहिली आणि याने ती उभ्या उभ्या दोन वाक्यांत लिहिली, हे समजण्याइतके ते नक्कीच विद्वान होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं गिल्मेतने पाहिलं.

“आणखी कुणी?” गास्पारने विचारलं. “नाही ना? मग दुसरी फेरी.”

“मी आहे,” गिल्मेत म्हणाली.

आपण उठून उभ्या आहोत हे तिला स्वतःचा आवाज ऐकल्यावर कळलं. स्वयंपाकीण गावाच्या सभेत बोलते हे कुणी पाहिलं नव्हतं. पाद्रीबाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि जरासं हसून मान हलवली, जणू आता तरी कुणी आपल्या बाजूने बोलणार होतं.

“मी काळा टाकला,” ती म्हणाली.

त्यांचं हसू तिथेच राहिलं.

“माझा गहू नव्हता. मला घंटेचंही काही नाही. तुम्ही दार लावलंत ते बरंच केलंत, माझा भाऊ जिवंत आहे. पण तुम्ही आत जाऊन गुडघे टेकलेत, पाद्रीबाबा, आणि दारात मी होते. ‘नाही’ तुमचं होतं. ते म्हणायला मला लावलंत. माझ्या भावाला, सगळ्या गावासमोर. तुम्हाला ते म्हणताना त्याचं तोंड बघावं लागलं नाही. मी बघितलं. अजून बघते. आणि त्या दिवसापासून आजवर तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, गिल्मेत, काय झालं दारात?”

ल्युबॅं जमिनीकडे बघत होता.

“गिल्मेत,” पाद्रीबाबा उठले. “माझं चुकलं. मी जातो. मला राहायचा काही अधिकार—”

“बसा खाली!” ती ओरडली. त्या आवाजात ती त्यांच्यावर कधीच ओरडली नव्हती. “पहिल्या फेरीत उत्तर द्यायचं नसतं. मला अडीच वर्षं लागली तोंड उघडायला, आणि तुम्ही गाठोडं घेऊन निघालात? मग मी रागवू कुणावर? नव्या पाद्र्यावर? माझं अजून संपलेलं नाही. ते संपेपर्यंत तुम्ही कुठं जायचं नाही.”

पाद्रीबाबा दगडावर परत बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर घेतली.

“सांग,” ते म्हणाले. “दारात काय झालं?”

आणि गिल्मेतने, सगळं गाव ऐकत असताना, ढग पश्चिमेला काळा झाला तिथपासून सांगायला घेतलं.